गुरुनाथने हेरलेला हात

गुरुनाथने त्या पोराचा हात वाया घालवला, असं आपल्या आयर्लंडच्या मराठी ग्रुपवर जूनमध्ये कुणीतरी लिहिलं. त्याखाली सत्तावीस जणांनी हात जोडले, रडके चेहरे टाकले, 'व्हेरी सॅड' लिहिलं. त्या सत्तावीसांपैकी एकाने तरी बेसबॉलचा चेंडू कधी हातात धरलाय का? हात गेला त्या दुपारी मी तिथे होते, पिचरपासून दहा पावलांवर. म्हणून मी लिहितेय. गुरुनाथ लिहिणार नाही. तो भांडण टाळणारा माणूस आहे. मी नाही.

गुरुनाथ जळगावचा, वय सत्तेचाळीस. शॅननच्या एका मेडिकल डिव्हाइसच्या प्लँटमध्ये टेक्निशियन आहे. हृदयात घालायच्या बारीक नळ्या भिंगाखाली धरून तपासायच्या, बारा तास, डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, हातात दोन-दोन हातमोजे. एनिसमध्ये आमच्या घरापासून दोन रस्ते पलीकडे राहतो. इंजिनिअर नाही, हे मुद्दाम सांगते. आपल्या लोकांत ओळख झाली की दुसरा प्रश्न डिग्रीचा असतो, आणि उत्तर ऐकून आवाज कसा उतरतो ते मी अकरा वर्षं ऐकतेय.

जळगावात तो शाळेत सॉफ्टबॉल खेळला, मग बेसबॉल. राज्याच्या संघापर्यंत गेला. कॅचर होता. म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसायचं आणि पिचरने फेकलेला प्रत्येक चेंडू झेलायचा. पेपरात फोटो पिचरचा यायचा, कॅचरचं तोंड जाळीच्या मागे. उजव्या हाताची तीन बोटं त्यात वाकडी झाली ती आजही तशीच आहेत.

मी एकदा त्याला विचारलं, "नुसतं झेलण्यात काय मजा रे?"

"पिचर दमला हे पिचरच्या आधी मला कळतं, ताई. ग्लोव्हमध्ये चेंडू पडतो ना, त्याचा आवाज मऊ होतो. पिचर कबूल करत नाही. चेंडू करतो."

आयर्लंडमध्ये हा खेळ खेळणारे थोडे आहेत, पण आहेत. सुट्टीच्या रविवारी गुरुनाथ सव्वादोनशे किलोमीटर गाडी हाकत डब्लिनच्या कडेच्या मैदानावर जायचा, मुलांच्या मॅचना अंपायरिंग करायला. बाहेरून आलेल्या कामगारांच्या हक्कांसाठी माझी डब्लिनला निदर्शनं, मीटिंगा असायच्या, तेव्हा मी त्याच्याच गाडीतून जायचे. डिकीत त्याचे गुडघ्याचे पॅड आणि माझे बोर्ड एकमेकांवर पडलेले असायचे.

तिथेच त्याची हार्लनशी ओळख झाली. हार्लन अमेरिकेतल्या एका कॉलेजसाठी युरोपभर पोरं हेरत फिरतो. एका स्पर्धेत सगळे ज्या मुलाचं कौतुक करत होते, त्याच्याबद्दल हार्लनने सहज अंपायरला विचारलं. गुरुनाथ म्हणाला, हात चांगला आहे, पण हरला की खेळावर रुसतो, सहा महिन्यांत सोडेल. मुलाने चार महिन्यांत सोडलं. तेव्हापासून दर वसंतात हार्लनची मेल यायची: तुमच्याकडे कुणी आहे का? आणि पाच वर्षं गुरुनाथने एकच उत्तर पाठवलं: नाही. एका पैशाचा संबंध नव्हता. त्याला फक्त एकदा 'हो' लिहायचं होतं.

ते 'हो' त्याला जुलै २०२० मध्ये डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला सापडलं. पहिला लॉकडाउन नुकताच उठला होता. स्टेशनजवळच्या हिरवळीवर एक उंच, हडकुळा मुलगा भिंतीवर खडूने काढलेल्या चौकोनात टेनिसचा चेंडू मारत होता. आम्ही ओळखीच्यांकडे डबा द्यायला थांबलो होतो. गुरुनाथने डबा माझ्या हातात दिला आणि तिथेच उभा राहिला. अनिमेष, वय सोळा. बाप आशुतोष पुण्याचा, चेरीवूडला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. आई यामिनी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये. पोरगं आधी क्रिकेट खेळायचं, फास्ट बॉलर. आदल्या उन्हाळ्यात अंपायरने त्याला एका डावात चार नो-बॉल दिले, चेंडू टाकत नाही, फेकतो म्हणून. कोपर वाकतं. क्लबने गोड बोलून बाहेर बसवलं. बाप अजून त्या अंपायरवर जळत होता.

"त्या अंपायरचे आभार माना," गुरुनाथ म्हणाला. "तिथे ज्याला चोरी म्हणाले, ते आमच्याकडे शिकवूनही येत नाही."

गाडीतून ग्लोव्ह आणला, उकिडवा बसला आणि पोराला खराखुरा बेसबॉल दिला. पहिला चेंडू डोक्यावरून गेला. पाचव्यापासून आवाज यायला लागला, कोरडा, टाळी वाजल्यासारखा. वीस चेंडू झाल्यावर गुरुनाथ उठला.

"बस. आज एवढंच."

"अहो सर, आत्ता कुठे गरम झालाय तो," आशुतोष म्हणाला.

"म्हणूनच बस."

अनिमेष मराठी समजायचा, बोलायचा नाही. "आय'म ग्रँड, आय कॅन गो अगेन," म्हणाला. या देशात पाय तुटलेला माणूसही ग्रँडच असतो, पोरं तेच शिकतात. गुरुनाथने मान हलवली. मग यामिनीच्या स्वयंपाकघरात बसून त्याने एका कागदावर लिहिलं: एका वेळी चाळीस चेंडू. मग तीन दिवस चेंडूला हात लावायचा नाही. कोपर दुखलं तर महिनाभर बंद. यामिनीने तो कागद प्रेसच्या, म्हणजे इथल्या भाषेत कपाटाच्या, दारावर, चहा-साखरेच्या वर चिकटवला.

परतताना गाडीत तो नाशिककडच्या विलास नावाच्या पिचरबद्दल बोलला, पहिल्यांदाच. एका दिवसात तीन मॅच टाकायला लावल्या होत्या त्याला, आणि कॅचर गुरुनाथ होता. "आता त्याला शर्टाचं वरचं बटण उजव्या हाताने लावता येत नाही," एवढंच म्हणाला. त्या संध्याकाळी त्याने हार्लनला 'हो' लिहिलं.

ऑगस्ट-सप्टेंबरात आम्ही तीनदा जाऊन आलो. मग ऑक्टोबरात पाच किलोमीटरचा नियम आला. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, हायवेवर गार्डा, म्हणजे इथले पोलीस, उभे. ख्रिसमसच्या आधी आठवडाभर मुभा मिळाली, तर प्लँटमध्ये त्याच्या शेजारचा माणूस पॉझिटिव्ह निघाला आणि गुरुनाथ खोलीत बंद. हार्लनची विमानंही बंद. त्याने कळवलं: मला येता येणार नाही. मे महिन्यात तू स्वतः झेल, चेंडूचा वेग मोजलेला व्हिडिओ पाठव, आणि तुझा रिपोर्ट. तू हो म्हणालास तर मी संघात जागा धरून ठेवतो.

म्हणजे पोराचं सगळं गुरुनाथच्या शब्दावर, आणि गुरुनाथच्या डोळ्यासमोर पोरगं फक्त फोनमध्ये. दर शनिवारी आशुतोष दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा. मागे राखाडी आकाश, बाप क्रिकेटचे कीपिंग ग्लोव्ह घालून झेलतोय, पोरगं फेकतंय. वेग वाढत होता. खाली लिहिलेलं असायचं: "चाळीस झाले सर. नियमाप्रमाणे."

मार्चमध्ये एनिसच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गुरुनाथ भेटला. दोघांच्या ट्रॉल्या मध्ये, दोन मीटर अंतर. त्याने फोन ट्रॉलीवर ठेवला, मागे सरकला आणि म्हणाला, "बघा."

मी बघितलं. पोरगं फेकत होतं.

"कोपर खाली आलंय," तो म्हणाला. "आणि फेकून झाल्यावर हात झटकतोय, दिसलं? ऑक्टोबरात झटकत नव्हता."

"मग?"

"मग हार्लनला कळवावं म्हणतो. यंदा नको, पुढच्या वर्षी बघू."

माझं डोकं फिरलं. त्या आठवड्यात मी तीन ठिकाणी दारं बंद झालेली आपली माणसं बघून आले होते. कुणाचं परमिट, कुणाचं घर. मी म्हटलं, "तू कोण रे दार लावणारा? त्या क्लबवाल्यांनी पोराला बाहेर काढलं, मग तू वेगळं काय करतोयस? आता आपलं एक पोरगं कुठे पोचतंय, तर तुला सव्वादोनशे किलोमीटरवरून दोन इंच कोपर दिसतं?"

त्याने वाकडी बोटं ट्रॉलीच्या दांड्यावर आवळली आणि सोडली. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी हार्लन दुसरीकडे बघेल, हे खरं आहे."

"मग झालं तर."

त्याने हार्लनला कळवलं नाही. आशुतोषला मात्र फोन केला, माझ्यासमोर, स्पीकरवर.

"हात दुखतो का त्याचा?"

"छे हो सर. विचारलं मी. ग्रँड म्हणतो."

"त्याला द्या फोन."

"ऑनलाइन क्लास चालू आहे त्याचा. तुम्ही निवांत राहा."

गुरुनाथने फोन ठेवला आणि आम्ही आपापल्या ट्रॉल्या ढकलत गेलो. हे ग्रुपवर कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे.

दहा मेला एका काउंटीतून दुसरीत जायची बंदी उठली. सोळा तारखेच्या रविवारी आम्ही सकाळीच निघालो. त्याने आदल्या आठवड्यात नवा ग्लोव्ह तेल लावून मऊ केला होता. वाटेत तो रिपोर्टातली वाक्यं मला मराठीत म्हणून दाखवत होता. असा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

हिरवळीवर आशुतोषने सगळं मांडून ठेवलं होतं. तिकाटण्यावर कॅमेरा, वेग मोजायची गन, पट्टीने मोजून मारलेली रेघ. यामिनी घडीच्या खुर्चीत, थर्मास मांडीवर. अनिमेष आठ महिन्यांत आणखी उंच झाला होता. फुल बाह्यांचा टी-शर्ट, उन्हात.

गुरुनाथ जाळीचा मास्क चढवून उकिडवा बसला. पहिले काही चेंडू हलके. मग जोर. गनवरचे आकडे आशुतोष मोठ्याने वाचत होता, "एकशे एकतीस! एकशे तेहेतीस!" मला तर आनंदाने गलबलून आलं. अकराव्या चेंडूनंतर गुरुनाथने चेंडू परत फेकला नाही. ग्लोव्हमध्ये धरून उठला, मास्क डोक्यावर सारला आणि पोराकडे चालत गेला.

"हात सरळ कर."

अनिमेषने केला. पूर्ण सरळ झालाच नाही. गुरुनाथने बाही वर सारली आणि कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवला, नुसता ठेवला. पोराने ओठ चावला आणि नजर वळवली.

"कधीपासून?"

"इट्स ग्रँड."

"अनिमेष. कधीपासून?"

"फेब्रुवारी," तो खाली बघत म्हणाला. हा एकच शब्द मराठी उच्चारात.

आशुतोष धावत आला. "काय झालं सर? थोडं स्टिफ आहे, बाकी काही नाही. कालचं असेल."

"काल? काल फेकला हा?"

खुर्चीतून यामिनी म्हणाली, "प्रिलिम घेतली, दादा. गुरुवारी, शुक्रवारी, काल. रोज साठ."

"यामिनी!"

"मग काय खोटं बोलू? जानेवारीपासून टाइमटेबल आहे. सोमवार सोडून रोज. व्हिडिओ फक्त शनिवारचा पाठवायचा."

गुरुनाथ आशुतोषकडे वळला. आशुतोषला त्यात काही चुकलंय असं वाटतच नव्हतं, ही त्यातली भयंकर गोष्ट. तो समजावून सांगायला लागला, मीटिंगमध्ये सांगावं तसं. "हे बघा, बोर्डाला मी तीन प्रिलिम दिल्या म्हणून आलो बोर्डात. इंजिनिअरिंगच्या एन्ट्रन्सला पाच. पेपरच्या आधी सराव नको? चाळीस चेंडू आणि तीन दिवस सुट्टी! तीन दिवस सुट्टी घेऊन कोण पुढे गेलंय?"

"मेंदूला सराव चालतो," गुरुनाथ म्हणाला. "ही कोपरातली दोरी आहे. झिजते. आज बंद, डॉक्टरला दाखवा."

"दहा चेंडू. फक्त दहा. एकशे पस्तीसच्या वर एक जरी गेला तरी हार्लन—"

"नाही."

"तुला काय जातंय रे?" 'सर' गेलं, 'तुम्ही' गेलं, एका वाक्यात. "नळ्या तपासणारा टेक्निशियन तू. तुझं स्वतःचं काही झालं नाही, आता माझ्या पोराचं होतंय ते बघवत नाही होय?"

मी मध्ये पडायला हवं होतं. रस्त्यावर पोलिसांसमोर माझं तोंड बंद होत नाही. तिथे मी म्हटलं, "गुरुनाथ, दहाच म्हणतायत ते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ग्लोव्ह काढला आणि गवतावर ठेवला.

आशुतोषने तो उचलला, हातात घातला आणि रेघेमागे जाऊन बसला. "अनिमेष, कम ऑन."

"फेकू नकोस," गुरुनाथ म्हणाला. "ऐक माझं. पुढच्या वर्षी मी स्वतः तुला तिकडे घेऊन जातो."

पोरगं दोघांकडे बघत होतं. क्लबने काढलं तेव्हापासून त्याच्याकडे एवढं एकच होतं. त्याने चेंडू उचलला.

पहिला गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला जो आवाज आला तो ग्लोव्हचा नव्हता. ओली काडी मोडावी तसा, लहान. आणि चेंडू तर सरळ गेला, आशुतोषच्या हातात फाडकन बसला. अनिमेष उभ्याउभ्या खाली बसला, उजवा हात डाव्या हातात धरून, जणू दुसऱ्या कुणाचा हात सांभाळतोय. ओरडला नाही. गनवर आकडा होता एकशे एकोणचाळीस. सबंध वर्षातला सगळ्यात जास्त.

इमर्जन्सीला तासन्‌तास बसलो. त्याच आठवड्यात हॅकर्सनी देशभरातल्या हॉस्पिटलांचे कम्प्युटर बंद पाडले होते. नर्स कागदावर नाव लिहून घेत होती. कोविडमुळे आत एकच माणूस, म्हणून यामिनी आत आणि आम्ही तिघं पार्किंगमध्ये. हाड मोडलेलं नव्हतं. स्कॅनला किती वेळ लागेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

तिथे, गाडीला टेकून, आशुतोष हलक्या आवाजात म्हणाला, "व्हिडिओ आहे आपल्याकडे. तो चेंडू आलाय त्यात. तो खाली बसायच्या आधी कट करू. स्कॅन होईपर्यंत काय झालंय ते आपल्यालाही नक्की माहीत नाही ना? मग खोटं कुठे आहे? जागा तर धरली जाईल. तुम्ही फक्त हो लिहा, सर." पुन्हा 'सर'.

त्याचे डोळे लाल होते. तो राक्षस नव्हता. पोराचा हात गेला हे कळूनही ज्याला टाइमटेबल सोडता येत नाही, असा बाप होता तो.

गुरुनाथने तिथेच फोन काढला आणि हार्लनला तीन ओळी लिहिल्या. कोपर गेलं आहे. याला मैदान नको, सर्जन हवा. मला मार्चमध्ये शंका आली होती, मी कळवली नाही. पाठवायच्या आधी स्क्रीन आशुतोषसमोर धरली. आशुतोषने वाचलं आणि तो पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. जूनमध्ये ग्रुपवर जे आलं ते त्याच्याच दोस्तांकडून आलं. तोवर स्कॅनची तारीखही मिळालेली नव्हती. स्कॅन ऑगस्टमध्ये झाला. लिगामेंट पूर्ण तुटलेलं. ऑपरेशन, मग दीड वर्ष, आणि तो वेग परत येईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत.

सप्टेंबरात गुरुनाथ मला म्हणाला, चला. ॲडम्सटाउनला बेल वाजवली. दार यामिनीने उघडलं, आत नाही बोलावलं, अनिमेषला बाहेर पाठवलं. पोरगं डाव्या हाताने जॅकेटची चेन लावत आलं. आम्ही तिघं हिरवळीच्या कडेच्या बाकावर बसलो.

"वुड ही हॅव टेकन मी?" त्याने विचारलं.

"हो. त्या शेवटच्या चेंडूवर घेतलं असतं."

"देन यू शुड हॅव सेंट इट."

"तिथे पहिल्या महिन्यात तपासलं असतं. परत पाठवलं असतं."

"ॲट लीस्ट आय'ड हॅव गॉन," अनिमेष म्हणाला.

गुरुनाथने आपले हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाला, "मला मार्चमध्येच दिसलं होतं. तुझा हात. मी थांबवलं नाही."

त्याला थांबवू दिलं नाही ते मी, असं मी तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पोराने त्याच्याकडे एकदा पाहिलं, जसं अंपायरकडे बघतात तसं, आणि उठून घरात गेलं. दार आपटलं नाही. नुसतं लावलं.

नोव्हेंबरात हार्लनची मेल आली. सरळ सांगितलंस म्हणून तुझ्या शब्दाची किंमत माझ्याकडे वाढली आहे, असं लिहिलं होतं. कॉर्कच्या बाजूला एक चौदा वर्षांचा मुलगा आहे म्हणतात, एकदा बघून ये. एनिसहून कॉर्क दोन तासांवर. मी म्हटलं, जा, हवं तर मी येते सोबत.

गुरुनाथने माझ्या स्वयंपाकघरात बसून उत्तर टाइप केलं, एका बोटाने, आणि मला वाचून दाखवलं: मी लांब राहतो. रोज त्याच्या जवळ असेल असं कुणीतरी बघा, आणि आधी त्याचा हात दुखतो का ते विचारा, बापाला नाही, त्याला.

पाठवलं, चहा संपवला, आणि शिफ्टला गेला.